लहान मुलांसाठी टॅबवर शिकायची ॲप्स कशी निवडावीत: आमच्या घरी झालेल्या चुकांसकट

लेक साडेतीन वर्षांची असताना भावाने त्याचा जुना टॅब आम्हाला दिला. "हिच्यासाठी काहीतरी शिकायचं टाक त्यात," एवढंच म्हणाला. त्याच रात्री मी स्टोअरमध्ये 'मराठी बाराखडी' टाईप केलं आणि अर्ध्या तासात चौदा ॲप्स उतरवून घेतली. पंधरा दिवसांत सगळी काढूनही टाकली. त्यातलं एक काढून टाकणं पुरेसं नव्हतं, हे पुढे बँकेच्या पासबुकावरून कळलं. ती गोष्ट सातव्या पायरीत आहे.

आता लेक सहाची होईल आणि टॅबवर एका वेळी चारपाचच ॲप्स असतात. ओळखीत कोणाकडे टॅब आला की मला फोन येतो, "कुठलं ॲप टाकू?" नावं सांगून काम होत नाही, कारण प्रत्येक मूल वेगळं आणि ॲप्सही वर्षभरात बदलतात. म्हणून पद्धतच लिहून काढली. माझ्याकडे अँड्रॉइड टॅब आहे, त्यामुळे लिहिलंय ते त्याबद्दल. आयपॅडवर वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय.

जवळ काय काय हवं

- टॅब, आणि त्यात निदान पाचसहा जीबी मोकळी जागा. जुन्या 32 जीबीच्या टॅबमध्ये भावाचे लग्नाचे फोटो तसेच होते. आधी ते हलवा.
- एक वेगळं ईमेल खातं, ज्याला कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं नाही.
- मुलाला माहीत नसलेला पिन. पॅटर्न नको. मुलं आपला अंगठा कुठून कुठे फिरतो ते पाठ करतात.
- वही आणि पेन.
- मूल झोपल्यानंतरचा अर्धा तास. ही यादीतली सगळ्यात दुर्मिळ वस्तू.

1. आधी वय बघा, मग ॲप

दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर हा लेख बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार एक वर्षाच्या आत पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास. त्याहून कमी असेल तर उत्तमच. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही जवळपास हेच आहे: दोनच्या आत नको, दूरच्या आजीशी कधीमधी व्हिडिओ कॉल चालेल. त्या तासात टीव्ही आणि आपला फोनही धरलेला आहे, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. आमच्याकडे टॅबच्या वाट्याला वीस मिनिटं येतात.

वयानंतर एकच प्रश्न: ॲप कशासाठी हवंय? 'शिकण्यासाठी' हे उत्तर धरू नका. वहीत एक ओळ लिहा. 'अक्षरं ओळखता येतात, जोडून वाचता येत नाही.' 'इंग्रजी शब्द कानावर पडावेत.' 'मला कुकर लावेपर्यंत पंधरा मिनिटं हवीत.' हे तिसरं कारणही प्रामाणिक आहे, लाजू नका. पण मग त्यासाठी चित्रं रंगवायचं साधं ॲप पुरतं, वर्षाचे पैसे भरून अभ्यासक्रम घ्यायची गरज नाही.

2. टॅब मुलाच्या हातात देण्याआधी

गुगलच्या फॅमिली लिंकमधून मुलासाठी वेगळं खातं काढता येतं. मग नवीन ॲप उतरवायचं झालं तर परवानगी तुमच्या फोनवर मागितली जाते, आणि रोजची वेळही ठरवून देता येते. ते जमलं नाही तर निदान स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करा.

दुसरी सोय म्हणजे ॲप पिन करणं. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात ती सापडते. सुरू केली की मूल त्या एका ॲपमधून बाहेर पडू शकत नाही, पडायचं तर पिन लागतो. आयपॅडवर यालाच गाइडेड ॲक्सेस म्हणतात, बटण तीनदा दाबलं की सुरू होतं. एवढं एक केलंत तरी अर्धी डोकेदुखी कमी होते.

3. स्टोअरचं पान नीट वाचा

ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: जाहिराती आहेत का, आत खरेदी आहे का. आपण थेट हिरव्या बटणाकडे जातो आणि हे वाचतच नाही. तारे किती, हे मी बघणं सोडून दिलंय. त्याऐवजी एक तारा दिलेले अलीकडचे अभिप्राय वाचा. 'पैसे कापले', 'जाहिरात बंदच होत नाही', 'अपडेटनंतर सगळं कुलूपबंद झालं' अशा तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या तर पुढे जायचं कारण नाही.

प्ले स्टोअरवर 2020 पासून काही ॲप्सना शिक्षकांनी तपासल्याचा बिल्ला मिळतो. शोध सुरू करायला तो बरा आहे, पण ॲप पुरतं मोफत आहे किंवा तुमच्या मुलासाठी योग्य आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग परवानग्या. आपलं मूल मोठ्याने वाचतं ते ऐकायचं असलेल्या ॲपने माइक मागितला तर समजू शकते. रंग भरायच्या ॲपला माझे कॉन्टॅक्ट आणि लोकेशन कशाला? भारतात 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती आणि मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई अशा तरतुदी आहेत. कायदा आहे म्हणून आपण 'अलाऊ' दाबत सुटायचं, असं मात्र नाही.

4. विमान मोड लावून उघडा

उतरवलंत की एकदा उघडा, बंद करा, टॅब विमान मोडवर टाका आणि पुन्हा उघडा. नेट नसताना ॲप काय करतं ते दहा सेकंदांत कळतं. काही मुकाट्याने चालतात. ती प्रवासात, लोडशेडिंगमध्ये, गावच्या घरी कामाची. काही 'इंटरनेट जोडा' म्हणून रुसून बसतात, आणि त्यातली बरीचशी जाहिरातींच्या जिवावर चालणारी निघतात, असा माझा अनुभव.

नंतर नेट जोडून दहा मिनिटं खेळा आणि किती जाहिराती आल्या त्याच्या रेघा वहीत मारा. बंद करायची फुली कुठे आहे तेही बघा. नखाएवढी फुली कोपऱ्यात, तीही पाच सेकंदांनी दिसणारी, चार वर्षांच्या बोटाला सापडत नाही. बोट जाहिरातीवरच पडतं, आणि ते तसंच पडावं म्हणून तर ती तिथे ठेवलेली असते.

5. मुद्दाम चुका करा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती मला सासूबाईंनी शिकवली.

अक्षरओळखीचं एक ॲप होतं. पडद्यावर चार फुगे, चार अक्षरं. "म कुठे आहे?" बरोबर फुग्याला बोट लावलं की टाळ्या. चुकीच्या फुग्याला लावलं की तो फुर्रकन हवा सोडत पडदाभर उडायचा, भिंतीवर आपटायचा आणि शेवटी चिंध्या होऊन पडायचा. लेक खदखदून हसायची. तिला म येत होता. पण ती आधी उरलेले तिन्ही फुगे एकेक करून उडवून घ्यायची, आणि मग नाइलाजाने म.

सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवलीय त्यांनी. म्हणाल्या, "अगं, चुकल्यावर जास्त गंमत आहे, तर ती बरोबर कशाला करेल?"

मी तीनदा त्याच खेळाकडे बघून "वा, अक्षरं शिकतेय" म्हणून गेले होते.

तेव्हापासून कुठलंही ॲप आलं की मी चार गोष्टी करते. पहिली, दहाच्या दहा उत्तरं चुकीची देते. चूक झाल्यावर ॲपने काहीतरी करायला हवं: पर्याय कमी करावेत, अक्षर पुन्हा उच्चारून दाखवावं, सोपा प्रश्न द्यावा. नुसता 'टूं' असा आवाज काढून तोच प्रश्न पुन्हा विचारणारं ॲप परीक्षा घेतं, शिकवत नाही. दुसरी, प्रश्न न ऐकता पडद्यावर नुसती बोटं आपटते, मुलं आपटतात तशी. तरीही तारे मिळून पुढची पातळी उघडली तर ते ॲप तिथेच काढते. अशी किती निघतात ते बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. तिसरी, मिनिटभर काहीच करत नाही. मूल विचार करत असतं, छताकडे बघत असतं. तेवढ्यात ॲप तीनदा हाका मारत असेल तर त्याला घाई आहे आणि मुलाला नाही. चौथी, बरोबर उत्तर दिल्यावर कौतुक किती वेळ चालतं ते मोजते. एका ठिकाणी दोन सेकंदांच्या उत्तराला नऊ सेकंदांची आतषबाजी होती. वीस मिनिटांत मुलाचं प्रत्यक्ष काम किती झालं असेल, हिशोब करा.

6. मराठी खरंच मराठी आहे का, हे कानाने तपासा

स्टोअरमध्ये 'मराठी' लिहिलेली पुष्कळ ॲप्स हिंदी ॲप्सवर मराठी पाटी लावून तयार केलेली असतात. ओळखायला सोपं आहे. ख उघडा. 'खरगोश' ऐकू आलं, किंवा अ वर 'अनार' आलं, की समजून जा.

पण काही जण शब्द बदलतात आणि आवाज तोच ठेवतात. मग पुढची अक्षरं ऐका:

- ज्ञ. आपला 'द्न्य', हिंदीतला 'ग्य'. ज्ञानेश्वरांचं नाव लेकीने एकदा 'ग्यानेश्वर' घेतलं तेव्हा घरात शांतता पसरली होती.
- ऋ. आपण 'रुषी' म्हणतो. 'रिषी' ऐकू आलं तर बोलणारी व्यक्ती मराठी नाही.
- च. चमच्यातला च आणि चिमणीतला च वेगळा. दोन्ही एकसारखे आले तर कान टवकारा.
- ळ आहे का? हिंदी वर्णमालेत तो नसतो, म्हणून उतरवलेल्या ॲपमध्येही गाळलेला सापडतो. बाळ, कमळ, केळं, पोळी यांच्याशिवाय मराठी घरात दिवस जात नाही.
- ॲ आणि ऑ. शाळेत हे स्वरांमध्ये शिकवतात. ॲपमध्ये नसतील तर मूल गोंधळतं.

आकारही बघा. मराठी ल पाकळ्यांचा, हिंदी पद्धतीचा उजवीकडे उभी दांडी असलेला. श चंही तसंच. मोठ्यांना दोन्ही वाचता येतात, पण नुकतं अक्षर ओळखायला लागलेलं मूल पुस्तकातला ल बघून "हे कोणतं?" विचारतं. गिरवायचं ॲप असेल तर रेघ कुठून सुरू होते ते पाहा. सासूबाईंचा नियम असा की अक्षर आधी, डोक्यावरची रेघ शेवटी. एका ॲपमध्ये आधी रेघ आणि मग तिला अक्षर लटकवायचं होतं. त्यांनी चष्मा काढून टॅब माझ्याकडे परत दिला.

अंकांचाही एक पेच आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं संख्यावाचन आलं आणि त्यावर भरपूर वाद झाला. दोन्ही बाजूंचं म्हणणं इथे काढत नाही. मुलाच्या शाळेत बाई कसं म्हणून घेतात ते विचारा आणि ॲप त्याला धरून आहे का एवढंच बघा.

परदेशातल्यांनी ही पायरी दोनदा करावी. माझा भाचा स्टुटगार्टला वाढतोय. इथल्या मुलांचे चुकीचे उच्चार रस्त्यावर, दुकानात, शेजारी आपोआप दुरुस्त होतात. त्याच्या कानावर मराठी आईबाबांकडून आणि टॅबवरूनच पडते. तिथे 'ग्य' शिकला तर 'ग्य'च राहील.

7. पैशाचे सापळे

आता ती बँकेची गोष्ट. एका ॲपचे '7 दिवस मोफत' मी घेतले. सुरुवातीलाच पैसे भरायची पद्धत जोडायला सांगितली, मी जोडली. दोन दिवसांत लेकीला कंटाळा आला, मी ॲप काढून टाकलं. आठव्या दिवशी वर्षाचे 2,499 रुपये गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेचा मेसेज आदल्या दिवशी यावा लागतो. तो आलाही होता. मी तो जाहिरात समजून सोडून दिला. महिन्याअखेरीस पासबुक बघताना लक्षात आलं, तोवर परताव्याची मुदत गेली होती.

त्यातून तीन गोष्टी शिकले:

ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये वर आपल्या फोटोवर टॅप करा, पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जा, तिथून रद्द करा. यूपीआयने दिलं असेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतही बघा. तिथे मला भलतंच एक जुनं सबस्क्रिप्शनही सापडलं.

मोफत मुदत घ्यायचीच असेल तर घेतल्या दिवशीच रद्द करा. बहुतेक ठिकाणी उरलेले दिवस तरीही वापरता येतात.

प्ले स्टोअरवर चुकून खरेदी झाली तर 48 तासांच्या आत परतावा मागा. नंतर ते ॲप बनवणाऱ्याच्या मर्जीवर जातं.

आणि 'फक्त मोठ्यांसाठी' असं जे कुलूप असतं, त्यावर विसंबू नका. 'तीन बोटांनी खाली ओढा' हे लेकीने मला दोनदा करताना बघितलं. तिसऱ्यांदा तिनेच केलं.

पैसे देऊच नयेत असं माझं म्हणणं नाही. जाहिराती नसलेलं, एकदाच पैसे घेऊन कायमचं मिळणारं ॲप मला फुकटातल्यापेक्षा स्वस्त वाटतं. फक्त महिनाभर फुकट भाग वापरून मगच द्या.

8. आमच्याकडे टिकलेली

आमच्या घरी वरच्या चाळणीतून जी खाली पडली नाहीत ती ही.

*खान अकॅडमी किड्स.* पूर्ण मोफत, जाहिराती नाहीत, आत खरेदी नाही. दोन ते आठ वर्षांसाठी. इंग्रजीत आहे, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांना सुरुवातीला शेजारी बसणारं माणूस लागतं.

*रीड अलाँग.* गुगलने 2019 मध्ये 'बोलो' या नावाने भारतात आणलेलं. मूल मोठ्याने वाचतं, दिया नावाची मुलगी ऐकते, अडलं तिथे शब्द सांगते. मराठी आहे, आणि उतरवलेल्या गोष्टी नेटशिवाय चालतात. अक्षरं जोडता येऊ लागल्यावरच द्या, त्याआधी मूल चिडतं. मागे टीव्ही चालू असेल तर दियाला काही ऐकू येत नाही. त्या निमित्ताने आमचा संध्याकाळचा टीव्ही बंद झाला.

*स्टोरीवीव्हर.* प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेलं. हे ब्राउझरमध्ये उघडायचं. चित्रांच्या गोष्टी, मराठीतही भरपूर, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या, मोफत, उतरवून छापताही येतात. माझ्या मते मराठी घरासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच. पहिल्या पातळीच्या काही गोष्टी मी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणल्या आणि स्टेपल करून दिल्या. त्या टॅबपेक्षा जास्त वाचल्या गेल्या.

*जीकाँप्री (GCompris).* मोफत, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही, शंभरावर खेळ. दिसायला जुनाट आहे आणि त्यामुळेच मला आवडतं. चमकधमक नसल्याने मूल वीस मिनिटांत स्वतःहून उठतं.

*स्क्रॅच ज्युनिअर.* पाच ते सात वर्षांसाठी. ठोकळे जोडून मांजराला चालवायचं, उड्या मारायला लावायचं. मोफत. वाचता येण्याची गरज नाही. हे आम्ही अलीकडेच घेतलंय.

पहिलीत गेलेल्यांसाठी बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपमध्ये उघडतात. पुस्तकाला धरून व्हिडिओ बघायचा तेव्हा उपयोगी, खेळ म्हणून देऊ नका.

9. पहिले चार दिवस शेजारी बसा, आणि महिन्याने साफसफाई

नवीन ॲप आलं की चार दिवस टॅब एकटीच्या हातात द्यायचा नाही, एवढं पाळा. कुठे अडते, कुठे नुसती टपटप करते ते दिसतं. संपवायची वेळ घड्याळावर ठेवू नका, गोष्टीवर ठेवा. "दहा मिनिटं झाली" म्हणून टॅब ओढला तर रडारड होते, "ही गोष्ट संपली की बंद" म्हटलं तर निम्म्या वेळा तरी होत नाही. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू करणारी ॲप्स याच कारणाने आमच्याकडे नाहीत. त्यांना शेवटच नसतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी लेक आजीला टॅब 'शिकवते'. प्रत्येक ॲप उघडून त्यात काय करायचं ते सांगायचं. जे तिला समजावून सांगता येतं ते राहतं. गेल्या महिन्यात एका ॲपबद्दल ती म्हणाली, "यात ना, नुसतं दाबायचं." आजीने माझ्याकडे बघितलं. मी तिथेच काढून टाकलं, आणि यावेळी सबस्क्रिप्शनची यादीही उघडून पाहिली.